फोनने तारीख बरोबर सांगितली, तरी आजीचा दसरा चुकला

गेल्या ऑक्टोबरात मुखेड तालुक्यातल्या एका कुटुंबाच्या बाबतीत घडलेली गोष्ट आधी सांगतो. तिच्यामुळेच आम्ही काही कार्यकर्ते या विषयाकडे वळलो.

घरातला मुलगा पुण्यात हिंजवडीला नोकरीला आहे. आजी पूर्वी बऱ्याचदा दीक्षाभूमीला जाऊन आलेली, पण गुडघ्यांमुळे काही वर्षांपासून तिचे जाणे बंद पडले होते. या वर्षी तिला न्यायचेच, असे नातवाने ठरवले. मोबाइलमधल्या एआय सहायकाला त्याने विचारले की धम्मचक्र प्रवर्तन दिन कधी आहे आणि आजी, आई, बायको व दोन लहान मुलांना घेऊन नांदेडहून नागपूरला कसे जायचे. उत्तर लगेच आले: १४ ऑक्टोबर. सोबत तीन दिवसांचा कार्यक्रम, हॉटेलची नावे आणि खर्चाचा तक्ता. आजी म्हणाली, "आरं, दसऱ्याला असतंय की ते." नातू म्हणाला, "आजी, बाबासाहेबांनी दीक्षा १४ ऑक्टोबरलाच दिली. शाळेत शिकलोय मी."

दोघांचेही बरोबर होते. १९५६ साली अशोक विजयादशमी १४ ऑक्टोबरला आली होती. दीक्षाभूमीवरचा मुख्य सोहळा मात्र दरवर्षी दसऱ्याच्या तिथीला होतो आणि २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता. एरवी गावात कुणीतरी टोकले असते, गाड्या ठरताना कानावर आले असते. पण सप्टेंबरच्या अखेरीस मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, सोयाबीन पाण्यात गेले, घराघरांत पंचनाम्याची धावपळ सुरू होती. दसरा कधी येऊन गेला ते कुणाच्या ध्यानात राहिले नाही. रजा मंजूर होती, तिकिटे काढलेली होती. १४ तारखेला हे कुटुंब दीक्षाभूमीवर पोचले. स्तूपाजवळ वंदना झाली, मुलांचे फोटो झाले. मोठा सोहळा बारा दिवसांपूर्वीच होऊन गेला होता. आजी पुस्तकांचे स्टॉल कुठे आहेत ते विचारत राहिली.

यंत्र खोटे बोलले, असे इथे म्हणता येणार नाही. दसऱ्याचा उल्लेखही इंटरनेटवर सापडतो. पण "आजीला घेऊन कधी जायचे" या प्रश्नाला इतिहासाची तारीख पुरत नाही, माणसे कधी जमतात ते कळावे लागते. यंत्राने पहिले सांगितले आणि दुसरे विचारायचे असते हे नातवाला सुचले नाही, कारण उत्तर इतके नीटनेटके होते. आम्हाला खटकले ते हे, की घरात खरी माहिती असलेले माणूस बसलेले होते आणि त्याचे म्हणणे तक्त्यापुढे टिकले नाही.

त्यानंतर नांदेड आणि लातूरमधल्या आम्ही काही जणांनी वेगवेगळ्या एआय सहायकांना मराठीतून तेच ते प्रश्न विचारून पाहिले. याला संशोधन म्हणू नका. समाजशास्त्रात एम.ए. केल्यावर नमुना निवड म्हणजे काय एवढे तरी कळते, आणि इथे तशी काही नव्हती. पण उत्तरांचा कल ध्यानात येण्याइतके प्रश्न विचारले.

सगळ्यात बोलके उत्तर ६ डिसेंबरचे. "आम्ही पाच जण लातूरहून चैत्यभूमीला जाणार आहोत, नियोजन करून द्या," असे विचारल्यावर एका सहायकाने नम्रपणे सुचवले की त्या दिवशी दादरला फार गर्दी असते, तेव्हा शक्य असल्यास आधीच्या किंवा नंतरच्या आठवड्यात जावे. पुढे दादरजवळच्या हॉटेलांचे दर, दुसऱ्या दिवशी सिद्धिविनायक आणि जुहू चौपाटी. राजगृहाचे नाव नाही.

हा सल्ला वाचून आम्ही आधी हसलो. मग वाटले, यात सगळे आलेच. पर्यटकासाठी गर्दी ही अडचण असते. आपली माणसे त्या गर्दीसाठीच जातात. यवतमाळची बाई आणि बिदरचा म्हातारा एकाच रांगेत तासन्‌तास उभे राहतात, शिवाजी पार्कच्या मंडपात अंगाला अंग लावून झोपतात, अन्नदानाच्या ताटावर जेवतात आणि उरलेल्या पैशांची पुस्तके घेऊन घरी येतात. मुंबई महापालिका तिथे दरवर्षी निवारा, पाणी, शौचालये, दवाखाना, मोबाइल चार्जिंगची सोय करते. म्हणजे लातूरच्या या पाच जणांना हॉटेलच लागत नाही. त्यांना लागते ती वेगळी माहिती: मंडपात कोरडी जागा मिळावी म्हणून किती वाजता पोचावे, रांग कुठून सुरू होते, म्हाताऱ्या माणसाला कुठून आत सोडतात, हरवल्यावर कुठे थांबायचे, परतीची गाडी कुठल्या स्टेशनातून पकडली तर बसायला मिळते. यातले फार थोडे कुठे लिहिलेले आहे. ते विहारातल्या चार जुन्या कार्यकर्त्यांच्या डोक्यात आहे. एआय लिहिलेल्यावर शिकते. जिथे लिहिलेले नाही तिथे ते गप्प बसत नाही, बहुसंख्यांच्या सहलीने जागा भरून काढते.

बोधगयेच्या बाबतीत हेच जास्त टोचणाऱ्या रीतीने झाले. लातूरच्या एका महिला बचत गटाने भिशीचे पैसे जमवून बोधगया, राजगीर, सारनाथ असा बेत केला होता. त्यांना मिळालेल्या कार्यक्रमात गयेच्या मुक्कामात विष्णुपद मंदिर आणि फल्गूच्या काठी पिंडदान होते, "कुटुंबासह अवश्य करावे असे" म्हणून. बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध-पिंडदान न करण्याची स्पष्ट प्रतिज्ञा आहे. गटातल्या मावशींनी ती ओळ पाहिली आणि म्हणाल्या, "ह्याला सांगा, आमचं ते छप्पन सालीच सुटलं." त्याच कार्यक्रमात आणखी एक गंमत होती. पहिल्या दिवशी औरंगाबादहून अजिंठा आणि दुसऱ्या दिवशी औरंगाबादहून दोन-अडीच तासांत बोधगया! बिहारमध्ये गयेशेजारी औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे. आपल्या औरंगाबादचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले आणि यंत्राने दोन्ही शहरांचा एकच गुंता केला. हे चटकन कळते म्हणून हसून सोडता येते.

चटकन न कळणारी चूक पैशांची असते. रेल्वेतली ज्येष्ठ नागरिकांची भाडे सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती अजून परत आलेली नाही. तरी एका सहायकाने दोन्ही आजी-आजोबांच्या तिकिटात ४० आणि ५० टक्के सूट धरून हिशेब दिला. उलट एसटीत ७५ वर्षांवरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे आणि महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, त्याचा हिशेबात पत्ताच नव्हता. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे, हेही माहीत असावे लागते. मजुरीवर जगणाऱ्या घरात एवढ्या फरकाने एक माणूस घरी राहतो. तो बहुतेक वेळा कोण असतो ते सांगायला नको.

आणखी एक. नांदेड-यवतमाळ-वर्धा लोहमार्गाचे काम वर्षानुवर्षे चालू आहे, त्यातला वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. आम्हाला एका उत्तरात नांदेडहून थेट यवतमाळमार्गे वर्ध्याला रेल्वेने जाण्याचा सल्ला मिळाला. घोषणांच्या बातम्या इतक्या छापून आल्या आहेत की यंत्राला गाडी धावू लागल्यासारखी वाटली असावी. त्यात त्याचा एकट्याचा दोष नाही.

मात्र जुन्या माणसांचे सगळे पक्के आणि यंत्राचे सगळे कच्चे, असेही नाही. दादरला मध्य रेल्वेच्या फलाटांचे क्रमांक ९ डिसेंबर २०२३ पासून बदलले. पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच राहिले, मध्य रेल्वेचे ८ ते १४ झाले. म्हणजे त्या वर्षीच्या ६ डिसेंबरला गेलेल्या माणसाची माहिती तीन दिवसांत शिळी झाली. आमचे एक काका आजही "एक नंबरला भेटा" म्हणून सांगतात, आणि एक नंबर आता पश्चिम रेल्वेकडचाच आहे. आरक्षणही पूर्वी १२० दिवस आधी उघडत असे, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आले. अनुभवालाही तारीख लागते.

प्रवासाची माहिती मिळणे किंवा न मिळणे आपल्या समाजासाठी कधीच किरकोळ बाब नव्हती. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात सांगितलेले प्रसंग पाहा, त्यातले बरेचसे प्रवासातले आहेत. पहिला तर कौटुंबिक सहलीचाच आहे. १९०१ साल. वडील खटाव तालुक्यात नोकरीला, मुले साताऱ्याला. उन्हाळ्याच्या सुटीत वडिलांकडे जायचे म्हणून नवे कपडे शिवले गेले, कधी न पाहिलेल्या आगगाडीत बसायचा आनंद होता. मुले मसूर स्टेशनवर उतरली तर न्यायला कुणीच नाही. कळवलेले पत्र वडिलांच्या हातात पडलेच नव्हते, नोकर ते द्यायचे विसरला होता. जात कळल्यावर स्टेशनमास्तर मागे सरला. एकही गाडीवान मुलांना बसवायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे या अटीवर ती निघाली. जवळ डबा होता, पण रात्रभर पाणी मिळाले नाही.

त्या प्रसंगाचे मूळ जातीत आहे, त्यात शंका नाही. पण एक निरोप न पोचल्याने जात थेट लहान मुलांच्या अंगावर आली, हेही त्यात आहे. सवर्ण घरातल्या मुलांचे पत्र हरवले असते तर ती मुले तासाभरात दुसऱ्या गाडीत बसून गेली असती. आपल्या माणसांना माहितीतली चूक नेहमी महाग पडत आली आहे, कारण चुकीनंतर हात देणारे लोक वाटेत कमी असतात. १९३४ मध्ये सहकाऱ्यांसह वेरूळकडे जाताना दौलताबादच्या किल्ल्यातल्या हौदावर काय घडले, हे मराठवाड्यातल्या वाचकांना सांगायला नको.

आज कुणी गाडीवान बैलगाडी नाकारत नाही. तरी नाव-आडनावाचा माग सुटलेला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू'ने ओपनएआयच्या मॉडेलांतील जातीय पूर्वग्रहावर तपशीलवार लेख प्रसिद्ध केला. त्यात समाजशास्त्राच्या एका दलित अभ्यासकाचा अनुभव आहे: अर्जाची इंग्रजी भाषा सुधारायला दिली तर यंत्राने त्याचे आडनावही बदलून उच्चवर्णीय करून टाकले. पिंडदान सुचवणारे यंत्र आणि आडनाव सुधारणारे यंत्र एकाच सवयीतून चालते. समोरचा माणूस कोण, हे ते छापील जगाच्या सरासरीवरून ठरवते.

मग हे वापरूच नये का? आमचे मत तसे नाही, आणि याबाबतीत काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांशी आमचे पटत नाही. त्या बचत गटाकडे परत पाहू. आजवर आपल्याकडच्या धम्मसहली एखादे भाऊ किंवा एखादा ट्रॅव्हल्सवाला काढायचा. किती पैसे, कुठे मुक्काम, कोणती गाडी हे तोच ठरवी, बायकांनी नाव नोंदवून पैसे भरायचे. हिशेब मागणे वाईट दिसे. या वेळी सातवी-आठवी शिकलेल्या बायकांनी फोनवर बोलून प्रश्न विचारले आणि मराठीत उत्तरे ऐकली. एजंटाने सांगितलेला दर त्यांनी तीन ठिकाणी ताडून पाहिला. हिंदीत धर्मशाळेला पाठवायचा निरोप लिहून घेतला. कुणाची कोणती गोळी कधी, याची यादी केली. चुका त्यांनी स्वतः पकडल्या, आणि ती ताकद त्यांच्या हातून काढून पुन्हा भाऊंच्या हातात देण्यात आम्हाला रस नाही. फक्त एका गोष्टीला आम्ही थांबवले. तिकिटाचे फॉर्म भरायला सोपे जावे म्हणून सगळ्यांच्या आधार कार्डांचे फोटो त्या चॅटमध्ये टाकले जात होते. ते करू नका. वय आणि माणसांची संख्या सांगितली की नियोजनाला पुरते.

चुकलेल्या उत्तराची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न जगभर उभा आहे. कॅनडात आजीच्या निधनानंतर प्रवास करणाऱ्या एका माणसाला एअर कॅनडाच्या चॅटबॉटने सवलतीचा चुकीचा नियम सांगितला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने निकाल दिला की बॉटने सांगितलेल्याची जबाबदारी कंपनीचीच आहे, आणि भरपाई द्यायला लावली. आपल्याकडे मोफत अॅपला विचारून दसरा चुकवलेली आजी कुठे दाद मागणार?

म्हणून शासनाकडे मागणी करायची ती नेमकी करावी. प्रयागराजच्या कुंभासाठी डिसेंबर २०२४ मध्ये अकरा भाषांत बोलणारा एआय सहायक सरकारी पातळीवर सुरू झाला. राहण्याची सोय, रस्ते, गाड्या यांची माहिती त्यात होती. भाविकांना अशी सोय मिळाली याचा आनंदच आहे. २०२७ च्या नाशिक सिंहस्थासाठी राज्य शासन तयारीला लागले आहे. मग ६ डिसेंबरला मुंबईत आणि दसऱ्याला नागपुरात येणाऱ्या लाखो लोकांसाठी तोच दर्जा मागण्यात गैर काय? त्याहून साधी मागणी उद्यासुद्धा पुरी होऊ शकते. महापरिनिर्वाण दिनासाठी रेल्वे दरवर्षी विशेष अनारक्षित गाड्या सोडते, आपल्या बाजूला आदिलाबादहून नांदेडमार्गे मुंबईला अशी गाडी येत आली आहे. पण वेळापत्रक जाहीर होते ते जेमतेम काही दिवस आधी, आणि आपल्यापर्यंत येते ते व्हॉट्सअॅपवरच्या अंधूक फोटोतून. तो फोटो ना आजीला वाचता येतो, ना शोधून सापडतो. दोन महिने आधी, साध्या मराठी मजकुरात, रेल्वेच्या संकेतस्थळावर ते यावे. नांदेडच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांना द्यायचे निवेदन आम्ही एआयकडूनच लिहून घेतले आहे. चांगले लिहिले आहे, हे मान्य करायला हवे.

तोवर आपले आपण लिहायला लागू. अमेरिकेत वंशभेदाच्या काळात काळ्या कुटुंबांना मोटारीने प्रवास करताना कुठे जेवण मिळेल, कुठे झोपता येईल हे कळत नसे. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या पोस्टमनने १९३६ मध्ये अशा ठिकाणांची पुस्तिका काढली. वाचक पत्ते कळवत गेले, पुस्तिका वाढत गेली आणि साठच्या दशकापर्यंत निघत राहिली. आणि आपल्याकडे तर हे फार जुने आहे. अर्धापूरजवळ दाभडचे महाविहार ज्या बावरीच्या नावाने बावरीनगर म्हणून ओळखले जाते, त्याचे सोळा शिष्य गोदावरीकाठाहून बुद्धांना भेटायला निघाले, तो मार्ग सुत्तनिपातात मुक्कामांच्या नावांसह आहे: पैठण, माहिष्मती, उज्जैन, विदिशा, कोसंबी, साकेत, श्रावस्ती, आणि पुढे राजगृहापर्यंत. मुक्कामांची यादी कुणीतरी लक्षात ठेवली, पुढे सांगितली, मग कुणीतरी लिहिली.

आम्ही नांदेडच्या एका विहारात अशी प्रवासवही सुरू केली आहे. सध्या तिच्यात चैत्यभूमी, दीक्षाभूमी आणि बोधगया एवढेच आहे. प्रत्येक नोंदीखाली सांगणाऱ्याचे नाते आणि तारीख: "वरच्या आळीतल्या मावशी, डिसेंबर २०२५." मजकूर मोबाइलवर टाइप केलेला असतो, फोटो नाही. ज्याला कार्यक्रम आखायचा असेल त्याने ती पाने एआय सहायकात आधी टाकायची आणि सांगायचे, "फक्त यातूनच उत्तर दे, यात नसेल तर नाही म्हण." एवढ्याने हॉटेल आणि पिंडदान दोन्ही गायब झाले. गाडीची वेळ मात्र तरीही रेल्वेच्या १३९ क्रमांकावर विचारून घ्यायची. आणि कागदाची एक चिठ्ठी प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या आणि लेकराच्या खिशात, नाव व घरच्यांचा नंबर लिहून, कारण शिवाजी पार्कवर त्या दिवशी नेटवर्क चालेल याचा भरवसा नसतो.

मुखेडच्या आजींनी वहीत तीन नोंदी सांगितल्या. पैकी एक अशी, की नागपूरला पहाटे पोचलात तर स्टेशनातच तोंड धुऊन चहा घ्या, पुढे लवकर सोय होत नाही. २०२६ चा दसरा २० ऑक्टोबरला आहे. १९ तारखेच्या गाडीचे आरक्षण २० ऑगस्टला सकाळी आठला उघडेल. नातवाने रजेचा अर्ज आताच दिला आहे.